हजार लिटरचा स्टँड

निवृत्त होऊन अमरावतीला मुलाकडे राहायला आलो तेव्हापासून घरच्यांना माझी एक खोड कळली आहे. रस्त्याने चालताना कुणाच्या अंगणात उंच लोखंडी स्टँडवर पाण्याची टाकी दिसली, की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातो. बायको सोबत असली तर मुद्दाम टाकीजवळ थांबते, पदर सावरते आणि म्हणते, "या ना, काही होत नाही." मी जात नाही. एकतीस वर्षं ज्या माणसाने सल्फ्युरिक ॲसिडसोबत संसार केला तो पाण्याच्या टाकीला भितो, याची नातवंडांना भारी मजा वाटते. त्यांना मी कारण कधी सांगितलं नाही. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा आधी नाहीच म्हणालो होतो. मग वाटलं, एकदा लिहून टाकावं.

अकोल्याबाहेर सरकीचं बियाणं तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट होतो. जिनिंगमध्ये कापूस काढून घेतला तरी सरकीच्या अंगाला बारीक पांढरी लव चिकटून राहते. त्या लवेमुळे बिया एकमेकींना धरून बसतात, पेरताना सुटत नाहीत. म्हणून ती ॲसिडने जाळायची. फिरत्या ड्रममध्ये सरकी टाकायची, वरून मोजून ॲसिड सोडायचं आणि दोन-तीन मिनिटं फिरवायचं, म्हणजे काळंभोर, गुळगुळीत बी निघतं. लगेच भरपूर पाणी, मग चुन्याची निवळी, मग पुन्हा पाणी. यात थोडी ढिलाई झाली तर बी आतून भाजतं आणि कुणाच्या तरी वावरात उगवतच नाही.

शेवटी हे बी पाण्याच्या हौदात टाकत. भरलेलं बी बुडतं, पोचट बी वर तरंगतं. तरंगणारं बी चाळणीने काढून टाकायचं काम पाच बायकांकडे होतं. त्यांची म्होरकी कौसल्याबाई. ती शाळेत कधी गेली नव्हती, पण मूठभर बी तळहातावर खालीवर करून "यात पोचट लय हाये साहेब" म्हणाली, की माझी तपासणी पुढे तेच सांगायची. मी बी.एस्सी. असल्याचा मला जरा तोरा होता, तो या बाईपुढे कमी व्हायचा.

माझं खरं काम म्हणाल तर लिटरचे किलो आणि किलोचे लिटर करणं. ॲसिडचा टँकर काट्यावर वजन होऊन येतो, म्हणजे माल किलोत. टाकीवर खुणा लिटरच्या. ड्रममध्ये सोडायचं ते मापाने, म्हणजे पुन्हा लिटरमध्ये. मधला पूल म्हणजे घनता. एक लिटर पाणी एक किलो भरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. एक लिटर सरकीचं तेल किलोला थोडं कमी भरतं, म्हणून ते पाण्यावर तरंगतं. आणि एक लिटर कडक ॲसिड भरतं एक किलो आठशे चाळीस ग्रॅम. लिटरला घनतेने गुणलं की किलो मिळतात, किलोला घनतेने भागलं की लिटर. उन्हाळ्यात ॲसिड तापून थोडं फुगतं, तेव्हा घनता किंचित उतरते. म्हणून मी रोज हायड्रोमीटर टाकून बघायचो. ती एक काचेची नळी असते, बुडाशी छर्रे भरलेली. द्रव जितका जड, तितकी ती जास्त वर तरंगते. नळीवरचा आकडा वाचायचा, झालं. ड्रमजवळच्या भिंतीवर मी पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: 'शंभर मिली ॲसिड म्हणजे शंभर ग्रॅम नव्हे, एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम.' ही पाटी वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण ती मीच लिहून घेतली होती.

माणसाच्या डोळ्यांत पाण्याचं वजन बसलेलं असतं. तेल्हाऱ्याकडे आमच्यासारखाच छोटा कारखाना चालवणारे एक गृहस्थ होते. आमचा टँकर यायला उशीर झाला की आम्ही त्यांच्याकडून ॲसिड आणायचो, त्यांचं संपलं की ते आमच्याकडून न्यायचे. एरवी त्यांची माणसं यायची, एकदा ते स्वतःच पाच लिटरची कॅन घेऊन आले. म्हणाले, पाच किलो द्या. मी काट्यावर वजन करून, रजिस्टरवर सही घेऊन दिलं. त्यांनी कॅन उन्हात धरून बघितली आणि भडकले.

"साहेब, मले येडा समजता काय? कॅन अर्धीच हाये!"

"उचलून पाहा," मी म्हणालो.

त्यांनी एका हाताने कॅन उचलली आणि खांदा एकदम खाली गेला. "अबे! लोखंड भरलं का यात?"

मी खो खो हसलो. आमच्या ऑफिसात तो किस्सा मी निदान पन्नास वेळा सांगितला असेल. आता नाही सांगत.

त्या काळी ड्रममध्ये ॲसिड मगाने ओतायचे. हातात रबरी मोजे, तोंडावर फडकं आणि प्लास्टिकचा मग. कुणाचा पाय घसरला की काय होईल या विचाराने मला जेवण गोड लागत नसे. मी मालकांच्या मागे वर्षभर लागलो, की वर उंचावर हजार लिटरची टाकी बसवू, खालच्या टाकीतून पंपाने ॲसिड वर चढवू आणि नळाने मोजून ड्रममध्ये सोडू. कुणाच्या हातात मग नको. मालक एकदाचे हो म्हणाले. जाड, खास ॲसिडची टाकी मी पुण्याहून मागवली. तिच्या जाडीसाठी, झाकणासाठी किती पत्रव्यवहार केला! स्टँड मात्र गावातच करायचा होता, म्हणून मी पुंडलिक वेल्डरला चिठ्ठी पाठवली.

पुंडलिकचं दुकान आमच्या रस्त्यालाच होतं. अकोल्यात पाणी रोज येत नाही, त्यामुळे ज्याच्या त्याच्या घरी टाकी आणि टाकीखाली स्टँड. पुंडलिकने असे शेकडो बनवले होते. हजार लिटर म्हटलं की किती जाडीचा अँगल, किती पट्ट्या, हे त्याला पाठ होतं. स्टँड सुबक झाला. माणसाच्या डोक्याच्या वर हातभर उंच, चार पाय, पायांखाली काळ्या मातीत फूटभर काँक्रीट. त्या जागी एक कडुनिंब होता. जागा पाहिजे म्हणून तो तोडावा लागला. पाचही बाया दुपारी त्याच झाडाखाली जेवत असत. त्यांनी कुरकुर केली तेव्हा मीच म्हणालो होतो, "काही दिवस थांबा, टाकी बसली की टाकीखाली सावली होईल."

तर तो एप्रिलचा शेवट. दुपारचा एक वाजलेला. असं ऊन, की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. टाकी पहिल्यांदाच भरत होतो. पंप चालू करून मी पलीकडे टेबलाशी बसलो. टाकी पांढरी, अर्धपारदर्शक. उन्हामुळे आतल्या ॲसिडची पातळी बाहेरून दिसत होती. दर पन्नास लिटरला एक अशा काळ्या रेघा मीच मारल्या होत्या. नऊशेची रेघ आली तसा मी पंप बंद केला आणि रजिस्टर उघडलं. किती माल वर चढला ते किलोत लिहायचं होतं. सकाळी हायड्रोमीटरने एक पूर्णांक ब्याऐंशी दाखवलं होतं. नऊशे गुणिले एक पूर्णांक ब्याऐंशी. सोळाशे अडतीस.

आकडा लिहिला आणि पेन तसंच धरून बसलो.

स्टँड हजार लिटरचा होता. म्हणजे पाण्याच्या हजार लिटरचा, एका टनाचा. आणि त्याच्यावर दीड टनापेक्षा जास्त वजन मी स्वतः चढवलं होतं. चिठ्ठीत मी पुंडलिकला टाकीत काय भरणार हे कळवलंच नव्हतं.

मी मान वर केली. चौघीजणी टाकीखाली डबे उघडून बसल्या होत्या, पाचवी सुनंदा पाठ टेकून. ज्या पायाला ती टेकली होती तो बाहेरच्या बाजूला वाकला होता. फार नाही, दोन बोटं. त्या पायाखालच्या काँक्रीटभोवती मातीत नवीन भेग पडली होती. सकाळी ती नव्हती. मी बघत असतानाच लोखंडातून कट् असा आवाज आला. बायांना वाटलं असेल, पत्रा तापला.

आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो. ओरडावं असं वाटलं. पण ओरडलो तर पाचजणी एकदम उठणार, कुणाचा तरी खांदा त्या पायाला लागणार. डोक्यावर नऊशे लिटर ॲसिड. सरकीचं जे होतं ते मी रोज बघत होतो. पुढचा विचार मी केला नाही, खरं तर करवला नाही.

मी हळू चालत गेलो. "बायांनो, जरा गेटकडे चला सगळ्या."

"काहून?" कौसल्याबाई म्हणाली.

"काम आहे."

"जेवू तं द्या साहेब. घास तोंडात हाये."

"मालक बोलावतात."

"मालकाले सांगा, बाया जेवून राहिल्या. एवढ्या उन्हाचं बोलावते काय कोनी?" आणि तिने भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावला. बाकीच्या हसल्या. सुनंदा हसताना मागे रेलली. मला तो पाय हललेला दिसला, की भास झाला, देव जाणे.

मी कौसल्याबाईसमोर उकिडवा बसलो. म्हणजे मीही टाकीखाली आलो. एरवी मी कारखान्यात जरा ऑफिसची भाषा बोलायचो. त्या क्षणी ती कुठच्या कुठे गेली आणि शेंदूरजनाघाटच्या आमच्या घरातली भाषा तोंडात आली.

"बाई, वर पाहू नोका. टाकी पडाले आली. समद्याईले हळू उठवा. सुनंदाच्या मांगच्या पायाले धक्का लागू देऊ नोका."

तिने माझ्याकडे बघितलं. तोंडातला घास गिळला. वर बघितलं नाही. मग अगदी रोजच्या चिडक्या आवाजात म्हणाली, "अवं उठा वं, लाल मुंग्या निंगाल्या इथं. माह्या लुगड्यात शिरल्या. सुनंदे, तू जागची हलू नको, पयले मले हात दे. माहे गुडघे धरले."

सुनंदाने पुढे वाकून हात दिला. पाठ लोखंडापासून सुटली. कौसल्याबाईने तो हात असा धरला की सुनंदा सरळ पुढेच उठली. बाकीच्या पदर झटकत, डबे उचलत बाहेर पडल्या. एकजण पाण्याची बाटली राहिली म्हणून वळली, तर कौसल्याबाईने तिचं मनगट पकडून ओढत नेलं. मुंगी एकही नव्हती. मीही त्यांच्यामागे बाहेर आलो.

आता वजन उतरवायचं होतं. वरून खालच्या टाकीत परत येणारा एक पाइप होता आणि त्याचा व्हॉल्व स्टँडच्या बरोबर खाली. मी मनात भागाकार केला. हजार किलो भागिले एक पूर्णांक ब्याऐंशी, म्हणजे साडेपाचशे लिटर. एवढंच त्या स्टँडचं बळ. नऊशेवरून साडेपाचशेवर यायचं, म्हणजे साडेतीनशे लिटर खाली सोडायचं. सात रेघा.

मी आत गेलो. हे लिहिताना शौर्य वाटतं, पण तसं काही नव्हतं. घामाने व्हॉल्वची मूठ दोनदा निसटली. थोडा उघडला. ॲसिड तेलासारखं घट्ट, ते आधी अडखळलं, मग पाइप थरथरू लागला. पाइपाला धरून ठेवणारे क्लॅम्प बसायचे बाकी होते, त्यासाठी पुंडलिक चार वाजता येणार होता. ती थरथर सरळ वाकलेल्या पायात जात होती. मी दोन्ही हातांनी पाइप छातीशी धरला. तो सोडून बाहेर येणं आता शक्य नव्हतं, आणि खालून मला पातळी दिसत नव्हती.

"बाई," मी ओरडलो, "काळ्या रेघा दिसतात ना? एकेक रेघ उतरली की सांगा!"

घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी त्या भेगेकडे बघत होतो. मग लांबून आवाज आला, "एक उतरली साहेब!"

एक रेघ म्हणजे नव्वद किलोच्या वर, जवळजवळ एक भरलेलं पोतं. एक पोतं उतरलं. आता पंधरा क्विंटलच्या वर डोक्यावर. मी पोती मोजू लागलो.

"दोन!"

तिसऱ्या रेघेच्या आधी पुन्हा कट् झालं. मी डोळे मिटले. मला बायको आठवली नाही, मुलं आठवली नाहीत. आठवली ती तेल्हाऱ्याच्या गृहस्थांची कॅन आणि माझं हसणं.

"तीन! चार व्हाले आली! साहेब, हाये ना तुमी?"

"हाये!"

पाच झाल्या. सहा झाल्या. कौसल्याबाईचा आवाज प्रत्येक रेघेला जवळ येत होता. मी तिला लांब राहायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. "सात!" ती म्हणाली तेव्हा ती माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती. मी पाइप सोडला आणि बाहेर येऊन चुन्याच्या पोत्यांवर बसलो. व्हॉल्व उघडाच ठेवला, टाकी पुरती रिकामी झाली. कौसल्याबाईने तांब्या पुढे केला. मला तो धरता येईना, तेव्हा तिनेच माझ्या तोंडाला लावला.

गोष्ट इथे संपली असती तर मी नातवंडांना कधीच सांगितली असती.

चार वाजता पुंडलिक क्लॅम्प घेऊन आला. तोवर मालकांनी वाकलेला पाय बघितला होता. ते त्याच्यावर बरसले. "हा काय स्टँड बनवला? माझ्या पाच बाया मेल्या असत्या!"

पुंडलिक म्हणाला, "हजार लिटरचा सांगतला व्हता, हजार लिटरचा बनवला."

"अरे, नऊशेच भरलं होतं! तेवढंसुद्धा झेपलं नाही!"

पुंडलिकने माझ्याकडे बघितलं. मी हायड्रोमीटर पुसत होतो. तो स्वच्छच होता. एक वाक्य बोलायचं होतं, ते मला बोलता आलं नाही. ॲसिडच्या टाकीखाली उभा राहिलेला मी, मालकांच्या खुर्चीसमोर घाबरलो. नोकरी जाईल, पाच बायांच्या जिवाशी खेळलेला केमिस्ट म्हणून गावभर नाव होईल, याला घाबरलो. पुंडलिक क्लॅम्प तिथेच ठेवून गेला. आमच्या कारखान्याने त्याला पुन्हा बोलावलं नाही. नवा स्टँड दुसऱ्याने केला. त्याच्या कागदावर ॲसिड, घनता, एकूण वजन सगळं मी लिहून दिलं. बायांना जेवायला वेगळी शेड मिळाली. काही महिन्यांनी अकोल्यातल्या नव्या स्टँडांवर लाल रंगात 'फक्त पाणी' असं लिहिलेलं दिसू लागलं. ते कुणाचं काम आहे हे मला विचारावं लागलं नाही. मी त्याच्या दुकानावरून जाणं टाळू लागलो.

मी निवृत्त झालो त्या दिवशी कारखान्यात छोटासा समारंभ झाला. भाषणांत मालकांनी टाकीचा प्रसंग सांगितला, मी जीव धोक्यात घालून आत गेलो वगैरे. टाळ्या पडल्या. नंतर कौसल्याबाई पाया पडायला आली, तेव्हा मला राहवलं नाही. तिला बाजूला घेऊन म्हणालो, "बाई, त्या दिवशी चूक पुंडलिकची नव्हती. माझी होती."

"मले त्याच दिवशी समजलं," ती म्हणाली.

"कसं?"

"चूक त्याची असती तं तुमी त्यालेच बोलावून अंदर धाडलं असतं. तुमी कायले गेले असते?" आणि जे बोलली त्यात काही विशेष नाही अशा थाटात ती पेढा खाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुंडलिकच्या दुकानात गेलो. त्याचे केस पांढरे झाले होते. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि ब्रशने एका स्टँडवर लाल अक्षरं काढत होता.

"मले माहीत हाये," तो म्हणाला. "पयले वाटे, माहंच वेल्डिंग कच्चं. रातची झोप लागे ना. मंग एका सायन्सच्या मास्तरचा स्टँड करताना इचारलं, तं त्यायनं सांगतलं ॲसिड किती भारी असते ते."

"मग मालकाकडे का नाही आलास? चिठ्ठी होती ना तुझ्याजवळ?"

"हाये ना अजून. निंगालो व्हतो घेऊन. रस्त्यात कौसल्याबाई भेटली. म्हने, साहेब सात रेघा होयेपर्यंत पाइप धरून उभा व्हता. मंग परतलो." त्याने ब्रश ठेवला, आत गेला आणि खिळ्याला लावलेल्या पावत्यांच्या तळातून एक पिवळा कागद ओढून माझ्या हातात दिला.

अक्षर माझंच होतं. 'हजार लिटरच्या टाकीसाठी स्टँड पाहिजे. मजबूत हवा.' मजबूत या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. ॲसिड हा शब्द कुठेच नव्हता.